संध्याकाळी रूमवर बसून काय करता?

प्रश्न : ताई, जूनमध्ये आम्ही नवरा-बायको पॅरिस आणि माद्रिदला चाललोय. आमचं दर ट्रिपला एकच होतं, दिवसभर फिरून संध्याकाळपर्यंत पायाचे तुकडे पडतात आणि मग रूमवर मोबाइल बघत लोळायचं. लोक संध्याकाळी मजा कशी करतात?

उत्तर : दुपारी झोपून! चेष्टा नाही करत. सकाळी आठला निघून तीन म्युझियम, दोन चर्च, वर शॉपिंग एवढं कोंबलं की संध्याकाळी अंगात काही उरतच नाही. दुपारनंतरचं एकही तिकीट आधी काढू नका, ३-४ वाजता सरळ रूमवर या, आंघोळ करा, तासभर पडा आणि सातच्या सुमारास कपडे बदलून नव्याने बाहेर पडा. जूनमध्ये पॅरिसला सूर्य मावळायलाच दहा वाजत येतात, त्यामुळे सातला निघालात तरी जवळजवळ तीन तास उजेडाचे हातात असतात, सीन नदीच्या काठावर नुसतं पाय सोडून बसा, लोक तेच करत असतात. आयफेल टॉवर अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं चमचमतो, ते मात्र जूनमध्ये बघायचं तर जागावं लागतं, म्हणून म्हटलं दुपारी झोपा.

माद्रिदचं तर घड्याळच वेगळं. सातला भूक लागली म्हणून रेस्टॉरंटमध्ये गेलात तर बऱ्याच ठिकाणी किचन बंद, ते उघडणार साडेआठ-नऊला आणि तिथले लोक जेवायला येणार त्याच्याही नंतर. मग त्या मधल्या वेळात काय, तर तापास! बारपाशी उभं राहून एक छोटी प्लेट, थोड्या गप्पा, मग पुढचा बार. त्याआधी प्रादो म्युझियम करून घ्या, सोमवार ते शनिवार ६ ते ८ आणि रविवारी ५ ते ७ फुकट असतं. रांग लागते पण भराभर सरकते आणि वेळ कमी असतो हेच बरं, वेलास्केझचं 'लास मेनिनास' हे चित्र आणि चित्रकार गोयाची दालनं बघायची की बाहेर, नाहीतर आपण तिथे पण सगळं संपवायच्या मागे लागतो. दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला देबोदच्या देवळाकडे जा. खरंखुरं इजिप्तचं देऊळ आहे हो, तिथली अबू सिंबेलची प्राचीन देवळं धरणाच्या पाण्यापासून वाचवायला स्पेनने मदत केली म्हणून इजिप्तने १९६८ मध्ये दिलं. त्याच्या मागच्या कठड्याशी पोरंपोरी, म्हातारे, कुत्री सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे असतात आणि कोणालाच कसली घाई नसते.

प्रश्न : मी ड्रिंक्स घेत नाही. ग्रुपमधले सगळे बारमध्ये जातात, मी एकटी रूमवर. परदेशात संध्याकाळ म्हणजे बारच का?

उत्तर : मुळीच नाही, आणि बारमध्ये गेलात तरी प्यायलाच पाहिजे असं कुठेय? स्पेनमध्ये 'मोस्तो' मागा, थंडगार द्राक्षाचा रस, दारू नाही, कोणी वळून पण बघत नाही. इटलीत संध्याकाळी अख्खं गाव छान आवरून नुसतं चालायला बाहेर पडतं, एकच रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये थांबून गप्पा, हातात जेलातो, म्हणजे तिथलं आइस्क्रीम. तुम्ही त्यात सामील व्हा की! आणि सिंगापूरला गेलात तर गार्डन्स बाय द बे या बागेतल्या त्या अवाढव्य सुपरट्रीजचा, म्हणजे झाडासारख्या मनोऱ्यांचा, लाइट शो ७:४५ आणि ८:४५ ला असतो, बघायला तिकीट लागत नाही. उभं राहून मोबाइलवर शूट करत बसू नका, मान दुखते. बरेच जण तिथेच जमिनीवर आडवे होऊन बघतात, तसं बघा.

प्रश्न : एकटीने टोकियोला जातेय. रात्री उशिरा परतायचं टेन्शन येतं, आणि बिलात फसवतील असंही वाटतं.

उत्तर : निघायच्या आधी शेवटची ट्रेन बघून ठेवा, टोकियोत रेल्वे रात्रभर चालत नाही, मध्यरात्रीच्या आसपास एकेक लाइन बंद होत जाते आणि मग टॅक्सीला दणकून पैसे जातात. मी असते तर शेवटच्या ट्रेनच्या आधीचीच पकडली असती, निवांत वाटतं. बिलाचं म्हणाल तर इझाकायात, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या बारमध्ये, बसल्या बसल्या न मागता एक छोटी वाटी समोर येते, तिला 'ओतोशी' म्हणतात आणि तिचे पैसे लागतात, ती फसवणूक नाही, रीतच आहे. टिप मात्र ठेवू नका, ठेवलीत तर वेटर तुमच्या मागे पैसे परत द्यायला येईल. आणि कार्ड मशीनने तुमच्या करन्सीत की येनमध्ये असं विचारलं तर येनच दाबा, दुसऱ्यात रेट महाग लावतात.