विंडोजवर झटकन उघडणारी सी++ लायब्ररी लिनक्सवर पोर्ट केल्यावर लोड व्हायला वेळ का घेते?

आधी प्रोग्राम लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्यांदा पटकन उघडला तर वेळ डिस्कवरून वाचण्यात जातोय, कोडला हात लावू नका. दोन्ही वेळा तितकाच रेंगाळला, तर 'एलडी_डीबग' (LD_DEBUG) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला 'स्टॅटिस्टिक्स' (statistics) ही किंमत देऊन चालवा. डायनॅमिक लिंकर (प्रोग्राम सुरू होताना लायब्रऱ्या जोडणारा भाग) एकूण स्टार्टअपपैकी रिलोकेशनला, म्हणजे कोडमधले पत्ते जुळवायला, किती वेळ लागला ते छापतो.

रिलोकेशनचा वाटा मोठा दिसला, तर बहुतेक वेळा दोष सिंबॉलच्या, म्हणजे लायब्ररीबाहेर दिसणाऱ्या फंक्शन्स-व्हेरिएबल्सच्या नावांच्या, संख्येचा असतो. विंडोजच्या डीएलएल लायब्ररीमधून तुम्ही सांगाल तेवढीच फंक्शन्स एक्स्पोर्ट होतात. लिनक्सवर जीसीसी कंपायलर मात्र स्टॅटिक नसलेलं जवळपास सगळंच उघडं ठेवतो, आणि डायनॅमिक लिंकर प्रत्येक नाव लोड झालेल्या लायब्रऱ्यांमध्ये क्रमाने शोधत बसतो. सी++ची लांबलचक मँगल्ड (कंपायलरने टाइपची माहिती जोडून बनवलेली) नावं हे काम आणखी महाग करतात. '-एफव्हिजिबिलिटी=हिडन' (-fvisibility=hidden) हा कंपायलरचा पर्याय लावून पुन्हा बिल्ड करा आणि सार्वजनिक फंक्शन्सवरच 'डिफॉल्ट' व्हिजिबिलिटी द्या. पोर्ट करताना हीच पायरी हमखास राहून जाते.

लायब्ररीच्या फाइलची माहिती दाखवणाऱ्या 'रीडएल्फ'च्या 'डी' पर्यायात (readelf -d) 'बाइंड_नाऊ' (BIND_NOW) दिसतंय का तेही पाहा. ते असेल तर सगळी फंक्शन्स लोड होतानाच जोडली जातात. सुरक्षेसाठी ते मुद्दाम लावलेलं असतं, म्हणून काढण्याआधी सिंबॉल कमी करा.