इजेनचे विवर: काठापर्यंत की आतपर्यंत, हे लेखी विचारून घ्या

आपण लिहिले आहे की जावा बेटावरील इजेन ज्वालामुखीची सहल बालीतील एका कार्यालयामार्फत ठरवत आहात, सोबत सौम्य दमा असलेल्या आई आहेत आणि ‘विवरात नक्की उतरता येईल का’ या प्रश्नाला ‘सर्व व्यवस्था होईल’ एवढेच उत्तर मिळते. मलाही अगदी हेच उत्तर मिळाले होते.

विवराच्या काठापर्यंतची चढण आणि काठावरून आत, गंधकाच्या खाणीपर्यंतची उतरण, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. वायूचा त्रास वाढला की काठ खुला ठेवूनही उतरण बंद केली जाऊ शकते. निळ्या ज्वाळा मात्र खालीच असतात आणि अंधारातच दिसतात. तो लाव्हा नव्हे, तर अतिशय तापलेले गंधकयुक्त वायू हवेत येताच पेटतात, त्याचा तो प्रकाश असतो. मी ज्या कार्यालयाकडे गेलो, त्याने या ज्वाळांचेच छायाचित्र दाखवून पूर्ण रक्कम घेतली. उतरण बंद असल्याचे आधीच जाहीर झाले होते, तरी आम्हांला ते चढण जिथून सुरू होते त्या पाल्टुडिंगच्या प्रवेशद्वाराशी, ऐन रात्री कळले. परतावा मागितल्यावर ‘सहल तर झाली’ असे सांगण्यात आले आणि त्यानंतरच्या पत्रांना उत्तरच आले नाही. पैशांपेक्षा मला अधिक संताप या गोष्टीचा आहे की वायूच्या धोक्याची माहिती त्यांनी ग्राहकापासून दडवली. मार्च २०१८ मध्ये याच विवरातून बाहेर पडलेल्या वायूमुळे परिसरातील लोकांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

म्हणून उतरण बंद असल्यास किती रक्कम परत मिळेल, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्या. इंडोनेशियात ज्वालामुखींच्या इशाऱ्याचे चार स्तर असतात आणि ते ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. तेथे स्वतः पाहा, मध्यस्थाच्या शब्दावर राहू नका. बाली व पूर्व जावा यांच्या घड्याळांत एका तासाचा फरक आहे, तेव्हा निघण्याची वेळ कोणत्या बेटाची, हेही विचारून ठेवा.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे आईंबाबतचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच द्यावा. माझे मत विचाराल तर त्यांनी आत उतरू नये. विवरातल्या धुरातील सल्फर डायऑक्साइड या वायूने दम्याचा झटका येऊ शकतो आणि साधा कापडी मुखवटा हा वायू अडवत नाही, त्यासाठी आम्लवायू शोषणारी गाळणी बसवलेला मुखवटाच लागतो. काठावरही वारा फिरला की धूर अंगावर येतो, अशा वेळी छायाचित्राचा मोह सोडून लगेच मागे फिरावे. आत उतरलाच, तर गंधकाच्या जड टोपल्या खांद्यावर घेऊन वर येणाऱ्या कामगारांना अरुंद वाटेवर आधी जागा द्या.

ज्वाळा हुकल्या म्हणून सहल रद्द करू नये, असे मला मनापासून वाटते. उजाडताना काठावरून दिसणारे ते तीव्र आम्लाचे नीलहरित तळे मला ज्वाळांच्या कोणत्याही छायाचित्रापेक्षा भव्य वाटले, आणि चढण झेपत असेल व हवा स्वच्छ असेल, तर आईंनाही ते खाली न उतरता पाहता येईल.