युरोपातील चर्चमधील चित्रे आणि मूर्ती पाहताना तिथली कॅथलिक श्रद्धा आजही जाणवते का?

चर्चमधल्या चित्रांसमोर आणि मूर्तींसमोर उभे राहिल्यावर तिथली श्रद्धा जिवंत असल्याचे जाणवते, की ती चर्चे आता केवळ संग्रहालये उरली आहेत, असा आपला प्रश्न आहे. मी नाशिकला पंचवटीत राहतो, धर्माने हिंदू आहे आणि आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर रोम आणि प्रागचा जो एकमेव प्रवास घडला, तेवढ्याच आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

रोममधील सान लुइजी देई फ्रान्चेझी या चर्चमध्ये कारावाज्जो या इटालियन चित्रकाराने येशूचा शिष्य संत मत्तय याच्यावर रंगवलेली तीन चित्रे आहेत. तिथे पेटीत नाणे टाकले की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. मग पुढचे नाणे कोण टाकणार म्हणून सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. मीही त्या पाहणाऱ्यांतलाच होतो. तिथे प्रार्थना करणारे कोणी मला दिसले नाही.

तेथून चालत काही मिनिटांवर सान्त अगोस्तीनो हे चर्च आहे. त्यात याच चित्रकाराचे, साधारण १६०४ ते १६०६ या काळातले, लोरेतो या इटलीतील तीर्थक्षेत्राच्या मरियेचे, म्हणजे येशूच्या आईचे, चित्र आहे. बाळाला कडेवर घेऊन मरिया घराच्या दारात उभी आहे आणि तिच्यापुढे एक यात्रेकरू आणि एक वृद्ध स्त्री गुडघे टेकून हात जोडून बसली आहेत. त्या पुरुषाचे अनवाणी, मळलेले तळवे थेट आपल्याकडे वळलेले आहेत. छायाप्रकाश शिकवताना हे चित्र मी मुलांना पुस्तकातून कितीदा दाखवले असेल, पण त्या तळव्यांवर कधी थांबलो नव्हतो. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वराकडे निघालेल्या दिंड्या नाशिकमधून जातात, तेव्हा विसाव्याला टेकलेल्या वारकऱ्यांचे असेच पाय मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कारावाज्जोचा समकालीन चित्रकार बाल्योने याने या चित्रावरून सामान्य लोकांनी मोठा गलका केल्याचे लिहून ठेवले आहे. तो कौतुकाचा होता की नापसंतीचा, याचे अर्थ वेगवेगळे लावले जातात. आपल्यासारखेच पाय वेदीवर पाहून लोक हरखले असावेत, असे मला वाटते.

मात्र आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला त्या चित्रापाशी मिळाले नाही. मी तिथे उभा असताना एक गरोदर बाई आणि तिची आई असावी अशी एक वृद्धा आत आल्या. कारावाज्जोकडे त्यांनी पाहिलेही नाही. दरवाजाजवळ सान्सोविनो या शिल्पकाराने सोळाव्या शतकात घडवलेली मरियेची संगमरवरी मूर्ती आहे. सुखरूप बाळंतपणासाठी तिला साकडे घालण्याची तिथे परंपरा आहे. शतकानुशतकांच्या स्पर्शाने झिजलेल्या तिच्या पावलाला धातूचे आवरण घातलेले आहे, आणि भोवती जन्मलेल्या बाळांसाठी वाहिलेल्या गुलाबी आणि निळ्या फिती आहेत. त्या बाईने पावलावर हात ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही. कलाकृती म्हणून मला ती मूर्ती त्या चित्रापुढे डावीच वाटते, आणि ते मत अजूनही बदललेले नाही. पण श्रद्धा पाहायची तर उत्तम चित्र कोणते यापेक्षा लोकांचे हात कुठे टेकतात हे पाहावे, एवढे मला तिथे उमगले.

प्रागमध्ये हे ओळखणे सोपे गेले. तेथील बाळ येशूची मूर्ती जेमतेम ४७ सेंटिमीटर उंचीची आहे. १६२८ मध्ये पोलिक्सेना या सरदार घराण्यातील स्त्रीने ती कार्मेल या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठाला दिली. चर्चच्या वार्षिक कालक्रमानुसार तिचा पोशाख बदलतात, आणि जगभरातून आलेले पोशाख वरच्या मजल्यावर मांडून ठेवले आहेत. सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या नावाने ओळखला जाणाराही त्यांत आहे. सणावाराप्रमाणे देवाला वस्त्रे नेसवण्याची सवय असलेल्या माणसाला याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या नाशिकरोडलाही बाळ येशूचे मंदिर आहे आणि दर फेब्रुवारीत तिथे यात्रा भरते. त्या वाटेने मी असंख्य वेळा बसने गेलो होतो, पण आत कधी पाऊल टाकले नव्हते. परतल्यावर पुढच्या फेब्रुवारीत गेलो. रांगेत पुढे असलेल्या बाईंनी नवस कसला आहे म्हणून विचारले. मी नुसता पाहायला आलो आहे असे सांगताच त्यांनी आपल्या जुडीतली एक मेणबत्ती काढून माझ्या हातात दिली.