फ्रान्सचा राजा लुई सोळावा याच्या रक्ताचा रुमाल लिलावात विकायला आला, तर तो खरा मानून घ्यावा का?

नाही, खरा मानून घेऊ नका; फार तर 'त्याचा म्हणून सांगितला जाणारा' या भावात घ्या. 21 जानेवारी 1793 ला पॅरिसमध्ये त्याचं डोकं उडवल्यावर लोकांनी रक्तात रुमाल बुडवून नेले, असं समकालीन लोकांनी लिहून ठेवलंय, त्यामुळे अशा वस्तू होत्याच. पण सगळ्यात गाजलेल्या नमुन्याचं काय झालं ते बघा. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या पुढाऱ्यांची चित्रं काढलेला एक वाळका भोपळा. बूर्दालू नावाच्या माणसाने त्या दिवशी रक्तात बुडवलेला रुमाल त्यात ठेवला, असं भोपळ्यावरच लिहिलंय. रुमाल गायब, आत सुकलेलं रक्त तेवढं उरलेलं. आधी डीएनए जुळल्यासारखा वाटला, वर्तमानपत्रांनी बातम्या रंगवल्या. 2013 मध्ये लुईच्या बूर्बाँ घराण्यातल्या हयात वंशजांच्या वाय गुणसूत्राशी (ते बापाकडून मुलाकडे जातं) ताडून पाहिलं तर जुळेना. 2014 च्या जनुकीय अभ्यासात डोळे तपकिरी असण्याची शक्यता निघाली. राजाचे निळे होते. म्हणजे रक्त माणसाचं, पण बहुधा दुसऱ्याच कुणाचं! प्रयोगशाळेपर्यंत गेलेल्या वस्तूची ही गत, तर नुसत्या जुन्या चिठ्ठीवर विकल्या जाणाऱ्या केसांच्या बटेचं काय सांगावं.

अर्थात वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली याची 1793 पासूनची सलग कागदपत्रं असतील, तर विचार करायला हरकत नाही; मात्र 'घराण्यात चालत आलंय' हे कागदपत्र नव्हे. संग्रहच करायचा असेल तर त्या वर्षीची छापील पत्रकं, वर्तमानपत्रं आणि कोरीव चित्रांचे ठसे बघा. कागद, शाई, छपाई तपासता येते.