उजेड देणाऱ्या बॅक्टेरियात करिअर आहे का?

प्रश्न: मी सोलापूरला टीवाय बीएस्सी मायक्रोला आहे. बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाईंगमध्ये कामाला आहेत. उजेड देणाऱ्या बॅक्टेरियावर केमिकलचा विषारीपणा तपासतात हे वाचल्यापासून डोक्यात तेच आहे. घरचे म्हणतात डीएमएलटी (पॅथॉलॉजी लॅबमधल्या टेक्निशियनचा डिप्लोमा) कर. काय करू?

विषय भारी आहे गं, पण जाहिरातीत असलं काही लिहिलेलं सापडणार नाही, तिथं इकोटॉक्सिकॉलॉजी (म्हणजे केमिकलचा सजीवांवर आणि पर्यावरणावर होणारा परिणाम), वॉटर टेस्टिंग, एन्व्हायर्नमेंट लॅब असं शोधायचं.

अ‍ॅलिव्हिब्रिओ फिशरी हा समुद्रातला बॅक्टेरिया, म्हणून 2 टक्के मिठाच्या पाण्यात 15 अंशाला ठेवतात, त्यात सॅम्पल घालून 15 किंवा 30 मिनिटांनी उजेड किती घटला ते मोजायचं (विषानं बॅक्टेरियाचा उजेड कमी होतो), सॅम्पलच्या जेवढ्या तीव्रतेला उजेड निम्म्यावर येतो तो ईसी50. आयएसओ 11348 या आंतरराष्ट्रीय मानकात सगळी पद्धत दिलीय. आपल्याकडच्या सांडपाण्याच्या नियमात मात्र माशांची टेस्ट आहे, 96 तासांनी 90 टक्के मासे जिवंत पाहिजेत, म्हणजे ही टेस्ट झटपट चाळणीसाठी, माशांच्या जागी नाही.

आता खरी गंमत तुमच्या एमआयडीसीत आहे बघ. हा उजेड निळा-हिरवा, साधारण 490 नॅनोमीटरचा, आणि लाल डाईचं पाणी नेमका तोच शोषतं, मग बॅक्टेरिया ठणठणीत असला तरी मीटर कमी दाखवतो आणि आपण म्हणतो पाणी विषारी! रंगाचं करेक्शन केल्याशिवाय त्या आकड्याला काडीची किंमत नाही. शिवाय रिअ‍ॅक्टिव्ह डाईंगला (सुती कापडाच्या नेहमीच्या रंगाईला) सोडा आणि मीठ दोन्ही लागतं, सोड्यामुळं पीएच चढलेला असतो, तो आधी जुळवावा लागतो. कुठल्या शेडला काय किती टाकतात हे बाबांना विचार, पुस्तकात एवढं मिळायचं नाही. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) आधीचं आणि नंतरचं पाणी, करेक्शनसह आणि करेक्शनविना, एवढा प्रोजेक्ट पुरे झाला. ल्युमिनोमीटर (उजेड मोजायचं यंत्र) कॉलेजात नसेल तर सोलापूर विद्यापीठात चौकशी कर, कल्चरसाठी पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहाला मेल टाक.

डीएमएलटी वाईट नाही, घरात लगेच पगार हवा असेल तर तेच कर, मी अडवणार नाही. दोन वर्षं निघत असतील तर एन्व्हायर्नमेंटल सायन्स किंवा मायक्रोत एमएस्सी कर आणि नागपूरच्या नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), लखनौच्या आयआयटीआर (विषशास्त्र संशोधन संस्था) यांच्या प्रोजेक्ट पोस्टवर लक्ष ठेव. पण केमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्सला कंटाळत असशील तर आत्ताच विचार कर, कारण दिवसभर डायल्युशन आणि ग्राफच असतात.

आणि सॅम्पल बाबांकडून गुपचूप मागवू नकोस हं, कॉलेजचं पत्र घेऊन मालकाची रीतसर परवानगी काढ, त्यांची नोकरी आहे तिथं.