एकदम २४ हजारांचं लाइट बिल आलं, आधी भरायचं की आधी भांडायचं?

ताई, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा लिहितो, चुकलं तर सांगा. पाच महिने बिलावर चालू रीडिंगच्या जागी ‘लॉक्ड’ (म्हणजे कुलूप होतं म्हणून रीडिंग घेतलं नाही) येत होतं, दर महिन्याला सरासरी म्हणून ६८ युनिटचं बिल यायचं आणि ते तुम्ही वेळेत भरत होतात. सहाव्या महिन्यात एकदम १२४० युनिट लावून २४ हजारांचं बिल आलं. ऑफिसात गेलात तर आधी पूर्ण भरा मग तक्रार बघू म्हणाले, आणि परवा लाइनमन येऊन लाइन कापायची भाषा करून गेला. कंपनीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण महावितरण असो, बेस्ट असो, अदानी नाहीतर टाटा, सगळ्यांना २००३ चाच वीज कायदा लागू आहे आणि सगळ्यांवर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग बसलेला आहे.

पहिलं म्हणजे घाबरून पूर्ण भरू नका आणि रागावून काहीच न भरता बसू नका, या दोन्हीत नुकसान तुमचंच आहे. कायद्यात मधला रस्ता स्पष्ट लिहिलेला आहे. कलम ५६(१) प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, लाइनमनने दारात येऊन सांगणं म्हणजे नोटीस नव्हे. आणि बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहकाने, कंपनीने मागितलेली पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांची सरासरी, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं आणि काउंटरवरचा माणूस स्वतःहून सांगत नाही, त्यामुळे लोक दागिने मोडून भरतात, मला खरंच फार वाईट वाटतं असं ऐकलं की.

आता तुमच्या बिलात नेमकं चुकलंय काय ते बघू. इथे दोन वेगळ्या गोष्टींची लोक सर्रास गल्लत करतात, रीडिंग न घेतलेला चांगला मीटर आणि बिघडलेला मीटर. मीटर सदोष निघाला तर आयोगाच्या २०२१ च्या सप्लाय कोड (वीजपुरवठ्याच्या नियमां) प्रमाणे टेस्टच्या निकालानुसार जास्तीत जास्त मागच्या तीन महिन्यांचंच बिल दुरुस्त होतं, आणि मीटर बंदच पडला असेल तर आधीच्या १२ महिन्यांच्या सरासरीवरून जास्तीत जास्त तीन महिन्यांचं लावता येतं. पण तुमचा मीटर चालू होता, फक्त कोणी वाचला नाही. म्हणजे ते १२४० युनिट जर खरोखर तुम्ही वापरलेले असतील तर त्यांचे पैसे द्यावे लागणार, तीन महिन्यांचा नियम इथे लागत नाही. कोणी सांगत असेल की सगळं माफ होतं तर त्याच्या नादी लागू नका.

मग भांडायचं कशावर? स्लॅबवर. आपल्याकडे घरगुती दराचे टप्पे आहेत, १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर, आणि महावितरणच्या अलीकडच्या दरपत्रकांत शेवटच्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या तिपटीहून जास्त आहे. हे टप्पे महिन्याच्या वापरासाठी असतात. तुमचे १२४० युनिट एकाच महिन्यात धरले तर त्यातले ७४० सरळ सगळ्यात महाग टप्प्यात जातात. पण तो वापर सहा महिन्यांचा आहे, म्हणजे महिन्याला साधारण २०७, त्यातले १०० पहिल्या टप्प्यात, उरलेले १०७ दुसऱ्या टप्प्यात, आणि तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात एकही नाही. शिवाय वीज आकार कमी झाला की त्यावरचं १६ टक्के वीज शुल्कही आपोआप कमी होतं. आणि आधीच्या पाच महिन्यांत ६८ प्रमाणे तुम्ही जे भरलंय ते यातून वजा व्हायलाच पाहिजे, काही ऑफिसात याला ‘लॉक क्रेडिट’ म्हणतात. तुमच्या २४ हजारांत यातलं नक्की काय केलंय हे बिलाच्या मागच्या बाजूवरून कळत नाही, म्हणून कंपनीकडून महिनावार हिशोबाचा तक्ता आणि सहा महिन्यांचा सीपीएल, म्हणजे तुमच्या खात्याचा उतारा, लेखी मागा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रीडिंग बंद होतं आणि जूनमध्ये एकत्र बिलं आली तेव्हाही याच गोष्टीवरून केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेलच.

तक्रार करायच्या आधी घरातल्या घरात एक गोष्ट नक्की करा. मीटरपाशी जाऊन स्क्रीनवर केडब्ल्यूएच (म्हणजे युनिट) येतं तो आकडा येईपर्यंत थांबा, व्होल्टेज, तारीख, वेळ असं काय काय फिरत असतं त्यातलं भलतंच टिपू नका, आणि मीटरचा नंबर व आकडा एकाच फोटोत येईल असा फोटो काढा. मग घरातला मेन स्विच बंद करून परत मीटर बघा. बारीक लाल लाइट लुकलुकत असते ना, त्याच्या शेजारी ३२०० इम्पल्स असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे तेवढ्या वेळा लुकलुकली की एक युनिट. मेन बंद असतानाही ती लुकलुकत राहिली तर एकतर वायरिंगमध्ये गळती आहे नाहीतर दुसऱ्या कोणाची लाइन तुमच्या मीटरवर आहे. आणि नवीन सोसायट्यांमध्ये तर दोन फ्लॅटचे मीटर उलटसुलट जोडलेले सापडतात, तुमचा मेन बंद केल्यावर शेजारच्यांचा मीटर थांबला की समजायचं. असं काही निघालं तर सगळा हिशोबच बदलतो, म्हणून हे आधी. सगळं नीट असूनही मीटर पळतोय असं वाटलं तर टेस्टिंगचा अर्ज द्या. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ च्या दुरुस्तीनंतर अशीही तरतूद आहे की वापराशी रीडिंग जुळत नाही अशी तक्रार आली तर पाच दिवसांत जोडीला दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने पडताळणी करायची.

याच नियमांत (२०२० चे) हेही आहे की सलग दोन बिलिंग सायकलपेक्षा जास्त अंदाजे बिल देत राहिले तर प्रत्यक्ष रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक पैसे द्यायला नकार देऊ शकतो. तुमच्याकडे पाच वेळा झालंय. आता ती वेळ गेली, पण अर्जात हे जरूर लिहा, कारण चूक कोणाची हे त्यातून दिसतं. मीटर रूमची किल्ली कोणाकडे असते तेही सोसायटीत विचारा, रूम उघडी असायची असं सेक्रेटरींनी एका ओळीत लेटरहेडवर लिहून दिलं तर फार उपयोग होईल.

आता अर्ज. तोंडी हेलपाटे घालून काहीही होत नाही, साहेब बदलतात आणि कोणाला काही आठवत नाही. साध्या मराठीत एक पान लिहा, ग्राहक क्रमांक, बिलाची तारीख, पाच महिने रीडिंग घेतलं नाही, वापर सहा महिन्यांत विभागून स्लॅबचा फायदा द्यावा, भरलेली रक्कम वजा करावी, आणि कलम ५६(१) प्रमाणे सरासरी रक्कम निषेध नोंदवून भरत आहे, वाद मिटेपर्यंत पुरवठा खंडित करू नये. दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि ईमेल करा. कंपनीच्या हेल्पलाइनवर (महावितरणची १९१२) तक्रार नोंदवून तक्रारीचा नंबर लिहून ठेवा, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. बाकीचे पैसे मात्र बाजूला काढून ठेवा, दुरुस्त बिल आल्यावर लागतीलच, आणि हप्ते मागता येतात.

तिथे नाही सुटलं तर कंपनीच्या तक्रार कक्षानंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. कलम ४२(५) खाली प्रत्येक कंपनीला तो ठेवावाच लागतो, तिथे ग्राहक संघटनेचाही एक सदस्य असतो आणि वकील लागत नाही. प्रश्न उभा राहिल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वीज तोडायची भीती असेल तर तिथेच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश मागा. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूरला त्यांची कार्यालयं आहेत. एक मात्र बघून घ्या, तुमच्या कागदावर कुठे कलम १२६ किंवा १३५ लिहिलेलं नाही ना. ती अनधिकृत वापराची आणि चोरीची कलमं आहेत, ती प्रकरणं मंच घेत नाही, १२६ च्या अंतिम आदेशावर ३० दिवसांत वेगळं अपील असतं आणि त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

पुढच्या महिन्याच्या बिलात हीच वादातली रक्कम थकबाकी म्हणून परत छापून येईल, त्यावर व्याजही दिसेल. दचकू नका. चालू महिन्याची रक्कम वेगळी काढून तेवढी वेळेत भरा आणि आधीच्या अर्जाची पोच जोडून परत एक छोटं पत्र द्या. ऑनलाइन पूर्ण रक्कमच दाखवत असेल तर ऑफिसातून कमी रकमेचं बिल करून घ्या, मग भरा.

शेवटचं खरं रीडिंग असलेलं बिल आणि हे २४ हजारांचं बिल, दोन्हींचे फोटो ग्राहक क्रमांक झाकून टाकलेत तर महिनावार आकडे मी मांडून देतो, ते तसेच अर्जाला जोडता येतील.