तूप आगीत का ओततात? ओवीला पत्र

ओवी बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. काकाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीत धूर खाऊन खाऊन डोळे लाल झाले म्हणालीस आणि वर प्रश्न, की एवढं चांगलं तूप आगीत ओतून वाया का घालवलं, आणि काकू स्वतः काहीच न टाकता नुसती काकाच्या हाताला हात लावून का बसली होती. फोनवर तू लगेच कंटाळतेस, म्हणून लिहितेय, अडलं तर आजोबांकडून वाचून घे.

आधी तुपाचं. वेद रचले त्या काळात आत्तासारखी देवळं नव्हती, मूर्ती नव्हत्या. देवाला काही द्यायचं तर पोचवणार कसं? तर अग्नी घेऊन जातो. ऋग्वेदाचं पहिलं सूक्तच अग्नीचं आहे, आणि त्याला देवांचं तोंड म्हणतात, त्याच्यात घातलं की ते इंद्राला वरुणाला ज्याला द्यायचं त्याला पोचलं. आणि तूप का, तर तेव्हा श्रीमंती म्हणजे गाई, आणि तूप म्हणजे घरातली सगळ्यात भारी वस्तू. जे आपल्यालाच खावंसं वाटतं तेच द्यायचं, नको असलेलं देण्यात काय मोठेपणा! म्हणून वाया गेलं असं तुला वाटलं ना, ते बरोबरच आहे गं, ते हातातून सुटलं पाहिजे हाच तर मुद्दा. गुरुजी 'स्वाहा' म्हटले की आहुती टाकायची, आणि मग काका त्यांच्या मागून पुटपुटत होता ते 'इदं न मम', म्हणजे आता हे माझं नाही. दर आहुतीला तेच. (काकाला त्याचा अर्थ माहीत होता का, हे मला विचारू नकोस.)

आणि सगळंच काही जाळत नाहीत. बाहेर दहीभाताचा बळी ठेवला असेल बघ, तो कावळ्याकुत्र्याच्या पोटात जातो, आणि नंतर पंगतीत तूच जिलेबी हाणलीस असं आजी म्हणाली. होमात टाकत होते त्या काड्या म्हणजे समिधा, त्यात ग्रहागणिक झाड ठरलेलं, सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा, केतूला दर्भ. आता महाद्वार रोडला पूजेच्या दुकानात जुडी बांधून मिळते, पण पूर्वी घरच्या माणसाला ही झाडं ओळखता यायची, मला स्वतःला रुई आणि आघाडा सोडले तर एक ओळखत नाही.

आगीचं दुसरं काम साक्षीदाराचं. लग्नात लाजाहोम असतो, नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, त्या अग्नीत जातात, आणि नवऱ्याचा कान पिळायचा मानही त्याचाच. मामाने बाबाचा असा पिळला होता की फोटोत अजून दिसतं.

होमाने ऑक्सिजन तयार होतो वगैरे फॅमिली ग्रुपवर येतं ते मात्र सोडून दे. जळायलाच ऑक्सिजन लागतो, आणि धूर तो धूरच, तुझ्या डोळ्यांना विचार.

आता काकूचं. जुनी रीत अशी की यजमान नवरा, बायकोने हात लावला की तिचाही वाटा आला. मला हे पटत नाही, स्पष्ट सांगते. गंमत बघ, दर आहुतीला माझं नाही म्हणायचं आणि मंत्र कुणाचे यावर मात्र भांडायचं! हे भांडण आपल्या कोल्हापुरातच केवढं झालं माहितीये? १८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदातले नाही, पुराणातले मंत्र म्हटले गेले, कारण काय तर तुम्ही क्षत्रिय नाही, वेदोक्ताचा तुम्हाला अधिकार नाही. राजाला, त्याच्याच गावात! महाराज ऐकणारे नव्हते, राजोपाध्यांचं, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांचं, वतन काढून घेतलं आणि पुढे १९२० साली शिवाजी वैदिक स्कूल काढून मराठ्यांची मुलं पौरोहित्याला तयार केली. त्याच्या खूप आधी, १८७३ ला, जोतिबा फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि भटजीशिवायच लग्नं लावली, तोही एक रस्ता. आणि पुण्यात ज्ञानप्रबोधिनीत बायकाही पौरोहित्य शिकतात, होम सांगतात, त्यामुळे काकूला पळी हातात घ्यायची असती तर कुणाचं काही अडलं नसतं.

इथे आपल्या घरी होम करता येत नाही, फोडणी करपली तरी स्मोक अलार्म बोंबलतो. पण दिवाळीत कोल्हापूरला येऊ तेव्हा आजीच्या परड्यात छोटासा करू, आहुती तू टाक, बाबा हात लावून बसेल. तोवर आजीला विचारून ठेव, तिच्या माहेरी जेवणाआधी वैश्वदेव, म्हणजे शिजलेल्या अन्नाची अग्नीत आहुती, व्हायचा का आणि कोण करायचं. आणि डोळे अजून चुरचुरत असतील तर चोळू नकोस, गार पाण्याने धू.

तुझी,
आई